गुरुजींवर पुस्तक काढायचं आहे: दमट कागद, न जुळणाऱ्या तारखा आणि छपाई

सडा_ते_खाडी:
दापोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे. गुरुजी यंदा गेले. १९५६ साली स्कूल बोर्डात लागले, १९९४ ला जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. सुट्टी लागली की पिशवी उचलून निघायचे. आधी देशभर, मग नेपाळ, १९७१ ला शिक्षकांच्या एका दौऱ्यातून युरोप, निवृत्तीनंतर जपान. गावात असले की कोळीवाड्यातली रात्रशाळा, बौद्धवाडीच्या विहिरीचं काम, क्षयाच्या रोग्यांना दवाखान्यात पोचवणं. दोन आंतरजातीय लग्नंही त्यांनी लावून दिली.

हाताशी आहे ते असं: पत्र्याच्या दोन ट्रंका, ३१ डायऱ्या, चार आल्बम (दोन चिकट पानांचे), ३०० च्या आसपास स्लाइड, पत्रांचे गठ्ठे आणि ११ कॅसेट. माळ्यावर कौलं गळली, त्यामुळे एका ट्रंकेतले वरचे कागद ओले आहेत, काहींवर बुरशी आहे. तारखांचा घोळ जन्मापासूनच आहे. शाळेत १ जून १९३६, घरचे म्हणतात नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. पुढच्या मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा प्रकाशन करायचं आहे, साधारण ३०० प्रती. कागद उन्हात घालावेत का? तारखा पक्क्या कशा करायच्या? लेख आत्तापासून मागवावेत का?

जुनी_बांधणी:
उन्हात अजिबात घालू नका. कागद आकसून वेडावाकडा होतो, फाउंटन पेनची शाई उडते, आणि या दिवसांत ऊन पडलंय म्हणेपर्यंत सर येते.

आज करायचं काम एवढंच: ओलं आणि कोरडं वेगळं काढा. कोरडे गठ्ठे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. त्यांना दिवाळीपर्यंत हात लावू नका. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर पावसाळाभर ती ८०-९० असते. चाळणं, लावणं, स्कॅन करणं ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली.

ओले सुटे कागद कोऱ्या न्यूजप्रिंटच्या दोन तावांमध्ये ठेवा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी ताव बदला. पंखा खोलीत फिरू दे, पण थेट कागदावर नको. एकमेकांना चिकटलेली पानं ओढू नका. ओल्या गठ्ठ्यावर दोन दिवसांत बुरशी येते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे तो आहे त्या अवस्थेत थांबेल. मग थोडा थोडा काढून सवडीने वाळवा. उणे १८ अंश तरी हवेत, घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा कामाचा नाही. कसर लागलेल्या कोरड्या डायऱ्यांनाही हाच उपाय: दोन आठवडे फ्रीझर, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट कागदावर जमतं. फोटो, स्लाइड आणि कॅसेट मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. हर्णैच्या मासळीच्या फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर पिशव्या दुहेरी करा, पुढचा वाचक बांगड्याच्या वासाने पळायला नको.

बुरशी पूर्ण वाळून भुकटी झाल्यावरच झाडायची. घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ रुंद ब्रशने, आपल्यापासून लांबच्या दिशेला. ओल्या फडक्याने पुसलं तर ती कागदात मुरते आणि निळी शाई फरफटते. डांबरगोळ्या बुरशीला काही करत नाहीत. गंजलेल्या स्टेपलच्या पिना ओढून काढू नका, मागचे पाय पातळ पातीने उघडून सोडवा. सेलोटेप लावू नका, आहे ती काढू नका. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. आपल्याकडे कौतुकाचा कागद दिसला की पहिली धाव लॅमिनेशनकडे असते. त्या उष्णतेने झालेलं नुकसान परत फिरत नाही.

चिकट पानांचे आल्बम हे सत्तर-ऐंशीच्या दशकातलं दुखणं. फोटो उचलण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, कारण कोणता फोटो कोणाशेजारी होता हीसुद्धा माहिती असते. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा आडवा फिरवा. नाही सुटला तर तसाच स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा. मागच्या बाजूला लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर पाणी लावू नका. बुरशीने पोखरलेला जिलेटिनचा थर पाण्यात विरघळतो आणि चित्रच निघून जातं. हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवा आणि स्कॅन करा.

रिझोल्यूशन: लिखित कागद ३०० ते ४००, फोटो ६००, स्लाइड निदान २४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके). ३६ बाय २४ मिलिमीटरची स्लाइड २४०० ला साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल देते, म्हणजे ३०० डीपीआयने छापताना ११ इंच रुंदीपर्यंत पुरते. मूळ फाइल टिफ ठेवा (एक स्लाइड सुमारे २३ एमबी, म्हणजे ३०० स्लाइड ७ जीबीच्या आत), वाटायला जेपीईजी. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग क्रमांक. तारीख माहीत नसेल तिथे शून्यं. 'गुरुजी फोटो नवीन फायनल २' असल्या नावांनी पुढे कोणाचंच भलं होत नाही.

दप्तर_तपासणी:
तारखांबद्दल. १ जून बघून दचकू नका. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहून टाकायची पद्धत सर्रास होती. जून महिना शाळा उघडण्याचा, बस्स. वर्षसुद्धा एक-दोनने इकडे तिकडे असू शकतं. पुस्तकात दोन्ही छापा: कागदोपत्री अमुक, घरच्यांच्या सांगण्यानुसार श्रावणात. तुमच्या मनाने मधली तारीख काढू नका.

नोकरीच्या तारखा मात्र कागदोपत्री जन्मतारखेवरूनच चालतात. निवृत्तीचं वय ५८, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. म्हणून गुरुजी ३१ मे १९९४ ला निवृत्त झाले असणार, ३० जूनला नाही. कोणी लेखात 'जून ९४ ला निरोप दिला' लिहिलं तर तेही खरं असू शकतं, कारण मे महिन्यात शाळा बंद, समारंभ शाळा उघडल्यावर झाला असेल.

मुख्य कागद म्हणजे सेवापुस्तक. नेमणूक, प्रत्येक बदली, ट्रेनिंग, वेतनवाढ, रजेचा हिशेब सगळं त्यात असतं. आधी घरातली पेन्शनची फाइल बघा, उतारे तिथेच सापडण्याची शक्यता असते. नसतील तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात वारसांच्या सहीने साधा अर्ज द्या. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, पण त्रयस्थाने दुसऱ्याचं सेवापुस्तक मागितलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. अर्ज मंडळाच्या नावाने नको, मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करा. शाळेत जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचं शेरेबुक मागा. शेरेबुक सोन्यासारखं. गुरुजींच्या वर्गाबद्दल त्या दिवशी, त्या साहेबाने लिहिलेलं वाक्य मिळतं, आणि ते नेहमी गोडच असतं असं नाही.

लेखांतल्या चुका पकडायला काही खुंट्या:
जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधीची शाळा 'जिल्हा परिषदेची' म्हणता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा, म्हणून त्याआधी गुरुजी मालवण-कणकवलीकडे असतील तर तो रत्नागिरी जिल्हाच. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा. हिशेबात आणे-पै असतील तर पान बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, अर्थात लोक पुढेही बरीच वर्षं आण्यांतच बोलत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात पिन असेल तर पत्र नक्की त्यानंतरचं, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. 'भूकंपाच्या वर्षी' म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोकण किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत, तेव्हा 'श्रावणात हर्णैला बोटीतून पडावात उतरले' असं कोणी लिहिलं तर महिना किंवा वाहन यातलं एक चुकलंय. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली १९९८ ला, म्हणजे नोकरीतल्या कुठल्याही प्रवासात मुंबई ते मंगळूर अशी तिची सलग गाडी येऊ शकत नाही.

प्रवासासाठी पासपोर्टचे शिक्के पहिले. त्यातच परकीय चलन किती घेतलं याची नोंदही सापडते. १९७१ चा दौरा असेल तर लशींची पिवळी पुस्तिका शोधा, देवीच्या लशीची तारीख त्यात असते आणि ती निघण्याच्या थोडी आधीची असते. बाकी प्रवास मे आणि दिवाळीच्या सुट्टीत बसले पाहिजेत. सुट्टीबाहेरचा प्रवास असेल तर रजेच्या हिशेबात तो दिसणारच.

हे सगळं एका तक्त्यात घाला: तारीख, घटना, कोणता कागद, कोणी सांगितलं, आणि शेवटचा रकाना 'पक्की / बहुधा / ऐकीव'. तक्ता होईपर्यंत लेख मागवू नका. लेख आधी आले की एकच चूक दहा जणांच्या लेखांत येते आणि मग दहा जणांची समजूत काढावी लागते.

माडाची_सावली:
पुस्तकच कशाला? ३०० पैकी शंभर प्रती प्रकाशनानंतर कोणाच्या तरी पडवीत पडून राहणार. स्कॅन करून संकेतस्थळावर टाका.

दप्तर_तपासणी:
संकेतस्थळाचं वार्षिक भाडं भरणारा मुंबईला बदलून गेला की पान बंद पडतं. दोन्ही करा. स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक गावाबाहेर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढलं तेव्हा एकाच इमारतीतल्या दोन प्रती दोन्ही गेल्या, अशी घरं आणि कार्यालयं कितीतरी.

पायवाट:
पुस्तकाच्या मांडणीबद्दल. 'भटके गुरुजी' आणि 'समाजसेवक गुरुजी' असे दोन विभाग करायचा मोह होईल. करू नका. पहिला विभाग स्थळांची यादी होतो, दुसरा सत्काराचं भाषण होतो, आणि माणूस दोन्हींच्या मधून निसटतो.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. मुरुडचे धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं १८९१ ते १९१४. १८९३ ला विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून मुरुडकरांनी वाळीत टाकलं. १९१६ ला महिला विद्यापीठ. आणि १९२९ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते युरोप, अमेरिका, जपान असे जगभर निघाले, पाठोपाठ आफ्रिकेला गेले. 'या वयात जगप्रवास' म्हणून हे सांगितलं की नुसतं नवल उरतं. ते गेले स्त्रीशिक्षणाबद्दल बोलायला आणि विद्यापीठासाठी पैसे जमवायला. परत येऊन थांबलेही नाहीत, १९३६ ला शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. सनावळीत हे एकाखाली एक आलं तरच धागा दिसतो. आणखी एक गोष्ट: त्यांच्या मराठी आत्मचरित्राची पहिली आवृत्ती या प्रवासांच्या आधीची आहे, म्हणजे हे प्रवास तीत असूच शकत नाहीत. तुमच्या डायऱ्यांचंही असंच तपासा. ३१ डायऱ्या आणि नोकरीच ३८ वर्षांची, म्हणजे निदान सात वर्षं कोरी आहेत. निवृत्तीनंतरच्या डायऱ्या यातच असतील तर त्याहून जास्त. कोणती कोरी ते आधी काढा. तिथे पत्रं आणि माणसं कामाला लावायची.

प्रत्येक प्रवासाला दोनच प्रश्न विचारा: जायला पैसे कुठून आले, आणि परत आल्यावर वर्गात किंवा वाडीत काय बदललं. हिशेबाच्या वहीत पहिल्याचं उत्तर असतं. दुसऱ्याचं उत्तर त्या वर्षी चौथीत असलेल्या मुलांकडे. मुलांचे हस्तलिखित अंक मिळतात का बघा. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. तो वारसा मानणाऱ्या शिक्षकांच्या शाळेत भिंतीवरचं किंवा वहीतलं हस्तलिखित असण्याची शक्यता मोठी.

खाडीपलीकडची:
लेख मागवण्यापेक्षा मुलाखती घ्या. लिहायला सांगितलं की 'आदरणीय गुरुजींचं व्यक्तिमत्त्व हिमालयाएवढं' सुरू होतं आणि तिथेच संपतं. आणि लिहून कोण देणार? मास्तर, बँकवाले, मुंबईत स्थिरावलेले. रात्रशाळेत शिकलेली कोळीण लेख लिहून पाठवणार नाही. कोळीवाडा, कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, प्रत्येक ठिकाणचे निदान तीन आवाज हवेत, त्यात बायका निम्म्या. विहिरीच्या वेळी विरोध केलेल्या घरातलंही कोणी बोलायला तयार असेल तर जरूर घ्या. विहिरीचा प्रश्न सगळ्यांच्या संमतीने सुटला असं लिहून आलं तर समजा की बौद्धवाडीत अजून कोणी गेलेलंच नाही.

'गुरुजी कसे होते?' विचारू नका. विचारा: रात्रशाळा किती वाजता भरायची? मासेमारीच्या दिवसांत कोण यायचं? कंदिलाचं रॉकेल कोण द्यायचं? पाटी कुठली? मार कधी खाल्ला? अशा प्रश्नांना माणूस थांबून, आठवून उत्तर देतो. सोबत त्या काळातला एक फोटो न्या, त्यातली माणसं ओळखता ओळखता अर्धी मुलाखत होते.

एक बैठक पाऊण तासाची. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि 'छापायला हरकत नाही' हे त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन विमान मोडवर, दोन फोनवर एकाच वेळी रेकॉर्डिंग. पत्र्याखाली पावसात बसू नका, काही ऐकू येत नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-सहा तास धरा. गणपतीत चाकरमानी येतात, पण आरत्या आणि पाहुणे यांत कोणी निवांत नसतो. गौरी-विसर्जनानंतरचे दोन दिवस आत्ताच मागून ठेवा, उरलेले शिमग्याला.

आंतरजातीय लग्नांतली जोडपी आणि क्षयाचे रोगी यांची नावं त्यांच्या किंवा घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय छापू नका. गुरुजींचं श्रेय नाव न देताही कळतं.

सडा_ते_खाडी:
तक्ता आजच सुरू करतो. दोन शंका. कॅसेट बुरशीच्या आहेत का हे कसं बघायचं? आणि गुरुजींना आलेली पत्रं आपण छापू शकतो का, काही बरीच जाणत्या माणसांची आहेत.

दप्तर_तपासणी:
पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो, आणि तोवर न छापलेल्या पत्रासाठी ६० वर्षं पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. म्हणजे गुरुजींनी इतरांना लिहिलेली पत्रं त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने छापता येतात, पण गुरुजींना आलेल्या पत्रांसाठी त्या त्या घरी विचारावं लागेल. परवानगी येईपर्यंत 'अमुक सालच्या पत्रातून विहिरीबद्दल चौकशी' एवढा उल्लेख पुरे.

जुनी_बांधणी:
कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर उजेड मारा. कडेला पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर वाजवू नका, बुरशी प्लेअरच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना जाते. स्वच्छ असतील त्यांच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे, मग मागे गुंडाळा, मगच वाजवा. फीत दाबणारा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज खोल, घुमलेला येतो. दुसऱ्या कॅसेटचा तुकडा बसवता येतो, किंवा स्क्रूवाली रिकामी पेटी घेऊन त्यात फीत घाला. हेड दर दोन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल करा. तासाला ५२० एमबीच्या आसपास होते. ११ कॅसेट सी-९० च्या (दीड तासाच्या) धरल्या तरी साडेआठ-नऊ जीबी.

खिळेजुळारी:
छपाईचं बोलतो. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. फर्मा १६ पानांचा, म्हणून एकूण पानं १६ च्या पटीत बसवा. १२ फर्मे, १९२ पानं पुष्कळ झाली. पानाला २८० शब्द धरले तर पन्नास हजारांच्या आसपास मजकूर मावतो. तो वाटून टाका: मुलाखती आणि लेख तीस हजार, डायऱ्यांतले उतारे बारा हजार, सनावळ तीन हजार, बाकी प्रस्तावना आणि नावांची सूची. सूची गाळू नका. गावातला प्रत्येक जण पुस्तक उलट्या बाजूने उघडून आपल्या आजोबांचं नाव शोधतो.

आतला कागद ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला छपाईचा कागद. फोटो त्यावर काळपट येतात, म्हणून ते १३० जीएसएम आर्ट पेपरच्या एका वेगळ्या फर्म्यात. बांधणी धाग्याच्या शिलाईची मागा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पाठ आपल्या हवेत लवकर सुटते. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आणि दोन्ही बाजूंना आत दुमडलेली पट्टी ठेवा. बाहेरून लॅमिनेशन असल्यावर आतला उघडा कागद दमट हवा शोषतो आणि मुखपृष्ठ वर वळतं, पट्टीने ते दबून राहतं. ३०० प्रती ऑफसेट आणि डिजिटल यांच्या बरोबर मध्ये येतात, दोन्हीचे भाव घ्या.

मजकूर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधून आलेले लेख बदलताना 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतला अर्धा र आणि डोक्यावरचा रफार हमखास फुटतात. ते शब्द शोधून शोधून तपासा. तीन प्रुफं: पहिलं मजकुराचं, दुसरं फक्त नावं, तारखा आणि फोटोओळींचं, तिसरं बांधणीच्या क्रमाने पानं लावून. दुसरं प्रूफ गावात बसून वाचा, वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांसमोर.

मे महिन्यात प्रकाशन म्हणजे मजकूर फेब्रुवारीअखेर बंद, फाइल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात छापखान्यात. एप्रिलमध्ये तालुक्यातले सगळे छापखाने लग्नपत्रिकांत बुडालेले असतात. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) फुकट मिळतो, पण अर्ज जानेवारीतच टाका. प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात सांगितलेल्या आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. म्हणून हिशेब ३०० चा नको, ३२० चा करा. आर्ट पेपरचा फर्मा सगळ्यात शेवटी छापायला द्या, फोटोओळीतली नावं एप्रिलपर्यंत दुरुस्त होत राहतील.